नोएडाकर मराठी मंडळींनो, शुक्रवारी घरी बसू नका



येत्या शुक्रवारी, २६ एप्रिल २०२४ रोजी, गौतम बुद्ध नगर लोकसभा मतदारसंघात मतदान आहे. नोएडा-ग्रेटर नोएडातल्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटवर मात्र 'नो रजिस्ट्री, नो वोट' असे फलक झळकत आहेत. ते लावणारे आपलेच शेजारी आहेत. बँकेचा हप्ता भरायचा, घरात राहायचं, देखभालीचे पैसे मोजायचे, आणि तरी घर कागदोपत्री आपलं नाही, ही चीड आम्हालाही आहे. पण या चिडीतून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि हाताशी फार दिवस उरलेले नाहीत म्हणून स्पष्टच लिहितो.

बहिष्कारवाले म्हणतात, मतं मिळाली नाहीत की पुढाऱ्यांचे धाबे दणाणतील. कशाने दणाणतील? किमान अमुक टक्के मतदान झालं नाही तर निवडणूक रद्द, असा नियम आपल्या कायद्यात नाही. 'नोटा'चं बटण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने आलं खरं, पण नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांत जो पुढे तोच खासदार. २०१९ मध्ये इथली जागा डॉ. महेश शर्मा यांनी तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकली. २०२२ च्या विधानसभेला नोएडात जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले. त्याच जिल्ह्यातल्या जेवरमध्ये मात्र दोन तृतीयांश. मग उमेदवार आधी कुठे जाणार? जेवर-दादरीच्या गावांत चौपालीवर बसणार आणि आपल्या टॉवरांना लाऊडस्पीकरच्या गाडीतून नमस्कार करून पुढे जाणार. यात त्याचं काय चुकलं?

गंमत अशी की उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री एकेकाळी नोएडाला खरोखरच घाबरत. १९८८ मध्ये वीर बहादुर सिंह इथे येऊन गेले आणि लवकरच त्यांची खुर्ची गेली. तेव्हापासून नोएडात पाऊल टाकलं की सत्ता जाते, अशी समजूत पसरली. अखिलेश यादव पाच वर्षं मुख्यमंत्री होते, पण इथे फिरकले नाहीत. यमुना एक्सप्रेस-वेचं उद्घाटनसुद्धा त्यांनी लखनौत बसून केलं. योगी आदित्यनाथ डिसेंबर २०१७ मध्ये आले आणि २०२२ ला पुन्हा निवडून आले, तेव्हा तो शकुन-अपशकुन निकालात निघाला. एवढी वर्षं जे भ्याले ते अपशकुनाला. इथल्या मतदाराची भीती कुणाला वाटल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त हुशार आहे, आणि अर्धा खरा असल्यामुळे जास्त घातक. 'जमीन नोएडा प्राधिकरणाची, प्राधिकरण राज्याचं, स्टॅम्पही राज्याचा. खासदार काय करणार?' प्राधिकरण राज्याच्या १९७६ च्या कायद्याने चालतं, हे मान्य. बिल्डरांना जमिनी थोडी रक्कम आगाऊ घेऊन उधारीवर दिल्या, त्यांनी आपले पैसे घेतले पण प्राधिकरणाची थकबाकी भरली नाही, म्हणून प्राधिकरणाने रजिस्ट्री अडवली, हेही मान्य. पण बिल्डर बुडाला की पुढचा खेळ दिल्लीच्या कायद्यांवर चालतो. बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा २०१६ साली संसदेनेच केला. दिवाळखोरी संहिताही त्याच वर्षी संसदेत झाली, आणि तिच्यात घर घेणाऱ्याला बँकेप्रमाणे वित्तीय धनकोचा दर्जा नव्हता; तो २०१८ च्या दुरुस्तीने मिळाला. पुढे २०२० ची दुरुस्ती आली: आता एकट्यादुकट्याला अर्ज करता येत नाही, एका प्रकल्पातले शंभर जण किंवा दहा टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढे लोक एकत्र यावे लागतात. म्हणजे एकदा संसदेने हात दिला, एकदा थोडा आखडता घेतला. दोन्ही वेळा तिथे आपलाही खासदार होता. त्याला कुणी विचारलं?

बरं, सध्या ज्या सवलतीचा गाजावाजा चालू आहे तिचं मूळही केंद्रातच आहे. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने अमिताभ कांत यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशभरात सुमारे ४ लाख १२ हजार घरं अडकली आहेत आणि त्यांतली जवळजवळ २ लाख ४० हजार एकट्या दिल्ली परिसरात, हा आकडा तिच्याच २०२३ च्या अहवालातला. त्यावरून राज्य सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये निर्णय काढला: कोविडच्या दोन वर्षांचं व्याज माफ, बिल्डरने उरलेल्या थकबाकीचे २५ टक्के आधी भरायचे आणि बाकीचे हप्त्याने, त्या प्रमाणात रजिस्ट्री खुली. 'रजिस्ट्रीचा प्रश्न सुटला' असं प्रचारात कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा: माझ्या बिल्डरने २५ टक्के भरले का? नसतील भरले, तर प्रश्न सुटलेला नाही.

तिसरा दावा राजकीय पक्षांचा: सगळा दोष समोरच्या पक्षाचा. सेक्टर ९३ अ मधले सुपरटेकचे जुळे टॉवर २८ ऑगस्ट २०२२ रोजी पाडले, तेव्हा उपमुख्यमंत्री केशव प्रसाद मौर्य यांनी ते समाजवादी पक्षाच्या भ्रष्टाचाराचा पुरावा असल्याचं सांगितलं. त्या पक्षानेही उलट वार केला. आता तारखा पाहा. २००४ ला जमीन दिली, २००५ आणि २००६ ला नकाशे मंजूर झाले, तेव्हा सरकार मुलायमसिंहांचं. पण ते दोन टॉवर नकाशावर वाढवून घेतले २६ नोव्हेंबर २००९ ला, मायावतींच्या काळात. त्यांची उंची चाळीस मजल्यांपर्यंत नेणारी मंजुरी २ मार्च २०१२ ची. विधानसभेचा निकाल लागायला चार दिवस होते आणि मायावतीच मुख्यमंत्री होत्या. तेव्हा सगळं खापर समाजवादी पक्षाच्या माथी फुटत नाही. मग भाजपने टॉवर पाडून न्याय दिला म्हणावं, तर ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्राधिकरणाचे वकील त्या बांधकामाचं समर्थनच करत होते, आणि राज्यात सरकार भाजपचं होतं. न्यायालयाने त्यावरून प्राधिकरणाला सुनावलंही.

टॉवर पडले ते त्याच आवारातल्या एमराल्ड कोर्ट सोसायटीच्या रहिवाशांमुळे. त्यांनी वर्गणी काढून खटला लढवला, २०१४ ला अलाहाबाद उच्च न्यायालयात जिंकला आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयात टिकवला. (त्या खंडपीठावर न्या. धनंजय चंद्रचूड होते आणि आम्रपाली बिल्डरच्या खटल्यातल्या २०१९ च्या निकालात न्या. उदय लळित. दोघेही मराठी, म्हणून आपल्या मंडळात हे अभिमानाने सांगितलं जातं. सांगावंही, पण त्याने आपल्या रजिस्ट्रीचं पान हलत नाही.) दोन इमारतींमध्ये १६ मीटर अंतर हवं असताना ९ मीटरच ठेवलं आहे, हे रहिवाशांनी कागद मागून, मोजून सिद्ध केलं. घरात बसून राहिले असते तर ते टॉवर आज उभे असते.

'सगळे सारखेच' म्हणणाऱ्यांना म्हणूनच आमचा विरोध आहे. कुणी काय केलं, कोणत्या साली केलं, हे वेगवेगळं सांगता येतं, आणि ते माहीत असलेल्या माणसाने मत न देणं म्हणजे ज्याने नुकसान केलं त्याला फुकट सोडून देणं. महेश शर्मा, महेंद्र नागर, राजेंद्र सोलंकी किंवा आणखी कुणी. मत कुणाला द्यायचं ते आम्ही सांगणार नाही. उमेदवार किंवा त्यांचे कार्यकर्ते सोसायटीत आले तर दोन गोष्टी लेखी मागा: दिवाळखोरीत अडकलेल्या प्रकल्पांतल्या घरमालकांसाठी संसदेत काय मांडणार, आणि २५ टक्के न भरणाऱ्या बिल्डरविरुद्ध काय करणार. उत्तर गटावर टाका, सगळ्यांना वाचू द्या.

आता कामाचं. शुक्रवार आहे, जोडून शनिवार-रविवार. मसुरी-नैनितालचं बुकिंग केलं असेल तर मत देऊन निघा. सकाळी सातला केंद्र उघडतं आणि ऊन चढायच्या आत काम होतं. संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे. यंदा काही मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं आहेत, तेव्हा आपलं कुठे ते आजच १९५० या क्रमांकावर विचारून घ्या. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तरी यादीत नाव असल्यास आधार, पॅन, पासपोर्ट किंवा वाहन परवाना चालतो. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, घरीच ठेवा.

ज्यांचं नाव अजून गावच्या यादीत आहे त्यांनीही ऐका. अमरावती, अकोला, वर्धा, बुलढाणा, यवतमाळ-वाशिम, नांदेड, हिंगोली, परभणी इथेही मतदान २६ तारखेलाच आहे. पुण्यात १३ मेला, मुंबई-ठाण्यात २० मेला. जाता येत असेल तर जा. येत नसेल तर निवडणूक आटोपताच नाव इथे हलवण्याचा अर्ज भरा, कारण घर इथे आणि मत तिथे असं असेल तर इथला कुठलाच उमेदवार तुमच्या दारी येणार नाही.

गेटवरचे फलक फाडू नका, त्यावरून भांडू नका. ज्यांनी लावले त्यांच्या घरी गुरुवारी संध्याकाळी जा, वरच्या तारखा दाखवा आणि शुक्रवारी सकाळी त्यांना बरोबर घेऊन केंद्रावर या.

आपले,
नोएडातील काही मराठी रहिवासी