सेटअप झकास, मराठी रोमनमध्ये

मंडळी, मागच्या महिन्यात इथे मॉन्ट्रियलला एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आमचा मराठी कंपू जमला होता. बाहेर उणे अठरा, आत मिसळ. निम्म्याहून जास्त लोक सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे विषय व्हायचा तोच झाला. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला बंद केला, मग जुन्या मशीनचं करायचं काय? एक म्हणाला, लिनक्स मिंट टाक. दुसरा म्हणाला, मॅक घे आणि सुखी हो. मग मेकॅनिकल कीबोर्डच्या कळांचा आवाज, दोन मॉनिटर की एकच रुंद, काळी थीम डोळ्यांना बरी की वाईट... दोन तास! मिसळ गार झाली.

घरी पोचलो तर ग्रुपवर त्याच मंडळींचे निरोप. 'मजा आली', 'पुन्हा भेटू' वगैरे. सगळे मराठीत आणि सगळे इंग्रजी अक्षरांत. हजारो डॉलरचा सेटअप, पण त्यावर 'ळ' उमटत नाही!

आता जरा इथली गंमत सांगतो. मी या शहरात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी फाइलचा पत्ता टाइप करताना तिरकी रेघ मारली, तर स्क्रीनवर डोक्यावर तिरपी मात्रा असलेला फ्रेंच 'ए' उमटला. पुन्हा मारली, पुन्हा तोच. इथल्या फ्रेंच कीबोर्डवर ती कळ त्या अक्षराला दिलेली आहे. प्रोग्रॅमरचा जीव त्या तिरक्या रेघेत असतो, त्यामुळे आठवडाभर मी मनातल्या मनात क्युबेकला शिव्या घातल्या. मग हळूहळू उमगलं की या लोकांनी आपल्या अक्षरासाठी हट्टाने जागा अडवली आहे. १९७७चा त्यांचा फ्रेंच भाषेचा कायदा प्रसिद्धच आहे. त्यात १९९७ साली सॉफ्टवेअरचं कलमही आलं: फ्रेंच आवृत्ती अस्तित्वात असेल तर ती उपलब्ध हवीच. त्या कायद्यातल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. पण २०२१च्या जनगणनेत क्युबेकची लोकसंख्या होती ८५ लाख. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख. हिशेब तुम्हीच करा.

आपल्याकडे सोय नाही म्हणावं, तर तीही आहे, आणि फुकट आहे. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारने १९८६ साली ठरवलेला कळफलक. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क लिहिणाऱ्या कळेवर शिफ्ट दाबलं की ख, ग वर घ, ल वर ळ. ज्याने बाराखडी गिरवली त्याला यात पाठ करण्यासारखं फारसं नाही. माझा हात बसायला तीन आठवडे लागले. आमच्या कंपूतल्या एकाने एक एडिटर शिकण्यात सहा महिने घालवलेत, आणि तो मला विचारतो, "एवढा वेळ कुणाला आहे?"

"अरे, उच्चाराप्रमाणे टाइप केलं की मराठी होतंच की," असं म्हणणारेही भेटतात. उत्तम, तसं करा! माझं भांडण पद्धतीशी नाही. फोनवर बोलून लिहा, बोटाने लिहा, पण शेवटी देवनागरीत उमटू द्या.

कारण यात नुसता अभिमानाचा प्रश्न नाही. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर गावाच्या आठवणी लिहिल्या आणि २००१ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. ते गेल्यावर मी ती फाइल इथे उघडली, तर पानभर कंस, डॉलर आणि प्रश्नचिन्हांची खिचडी. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी क चं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट गेला की चित्र गेलं, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतंच. कागदावरची प्रत वाळवीने खाल्लेली. अखेर भावाला माळ्यावर एक जुनी सीडी सापडली, फॉन्ट मिळाला. रूपांतर केलं तर रफार भलत्याच अक्षरांवर आणि वेलांट्या उलट्या. चार शनिवार-रविवार बसून हाताने दुरुस्त केलं, तेव्हा आजीच्या ओसरीचं पान वाचता आलं.

वडिलांचा नाइलाज होता. आपला काय आहे? दहा वर्षं मीही आईला रोमनमध्येच लिहीत होतो, आणि ती चष्मा पुसून एकेक अक्षर जुळवत वाचत होती. तक्रार कधी केली नाही, उत्तरं मात्र आखूड होत गेली. मी देवनागरीत लिहायला लागलो, त्या आठवड्यात तिने ओट्यावरच्या मुंग्यांपासून शेजारच्या लग्नापर्यंत सगळं कळवलं!

तेव्हा मंडळी, विंडोज की लिनक्स हे भांडण खुशाल चालू द्या, मीही येतो. फक्त त्याआधी सेटिंगमध्ये जाऊन मराठी कळफलक लावा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पहिला निरोप घरी पाठवा.