समुद्रातली लालपरी

लक्षद्वीपचं नाव निघालं की ऑफिसातल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "पॅकेज केवढ्याचं?" माझा प्रश्न मात्र टिपिकल बुलढाणेकराचा. तिथे गाडी कोणती जाते?

हसू नका मंडळी! आमच्या जिल्ह्याच्या मुख्य गावाला रेल्वे नाही. ट्रेन पकडायची तर आधी मलकापूर नाहीतर शेगाव गाठा. अशा गावचा माणूस बीच नंतर बघतो, आधी 'जायचं कसं' ते बघतो.

तर लक्षद्वीपला जायचं कसं? कोचीहून जहाजानं गेलात तर चौदा ते अठरा तास. विमानानं जेमतेम दीड तास, पण अख्ख्या लक्षद्वीपात विमानतळ एकच, अगत्ती. धावपट्टी सुमारे 1200 मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. मुंबईची मोठी धावपट्टी हिच्या जवळजवळ तिप्पट! म्हणजे इथे जम्बो जेटचं काम नाही. पंख्याचं छोटं एटीआरच हवं, आणि तेही वजन सांभाळून. सीट्स कमी, खर्च तोच. धंदा म्हणून बघाल तर कोण करेल हो हा उद्योग?

केला, तो मोठ्या घरच्या धाकट्या लेकींनी. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सनं मिळून 1981 मध्ये 'वायुदूत' काढली. 1988 मध्ये अगत्तीचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा तिथे उतरली ती वायुदूतची छोटी डॉर्निअर. तोटा वाढत गेला आणि 1993 मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मग 1996 मध्ये इंडियन एअरलाइन्सनं 'अलायन्स एअर' ही उपकंपनी काढली. पुढे ती एअर इंडियाच्या घरात आली आणि कोची-अगत्ती हा रूट वर्षानुवर्षं तिनं चालवला.

जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. अलायन्स मात्र त्या सौद्यात नव्हती. मोठं घर विकलं गेलं आणि धाकटी लेक सरकारकडेच राहिली. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचे फोटो झळकले आणि बुकिंगसाठी एकच झुंबड उडाली. त्याच मार्चअखेर इंडिगोनं बेंगळुरू-अगत्ती सुरू केलं. चांगलंच झालं. पण बॉस, फोटो नव्हते तेव्हाही कुणीतरी तिथे उडत होतंच ना?

आता तुम्ही म्हणाल, बुलढाण्याचा नि बेटांचा संबंध काय? आहे. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीचा विमानतळ सुरू झाला. मुंबईहून पहिलं विमान आणलं कुणी? याच अलायन्स एअरनं. आमचा जिल्हा अमरावती विभागातला, विद्यापीठही अमरावतीचंच. तरीही खरं सांगते, बुलढाण्याहून अमरावती दोनशेएक किलोमीटर, संभाजीनगरचा विमानतळ त्याहून जवळ. म्हणजे आमची सुटकेस अजून एसटीच्याच डिकीत!

शिवाय मेख आहेच. 'उडान' योजनेत सरकार तोटा भरून देतं, पण साधारण तीन वर्षं. चौथ्या वर्षी विमानं भरली नाहीत तर? तेव्हा मागे मोठं घर असलं तरच धाकटीचा निभाव लागतो.

पुण्याहून बुलढाण्याला दिवाळीत एसी स्लीपर ढिगानं मिळतात, तिप्पट भाड्यात. भर पावसात, गाडीत चारच टाळकी असताना आडगावच्या फाट्यावर थांबते ती एसटी. तिचा तोटा दरवर्षी पेपरात छापून येतो. त्या फाट्यावर उतरणाऱ्या पोरीचा फायदा कुठल्याच ताळेबंदात नसतो.

अगत्तीचं तिकीट काढाल तेव्हा खिडकीची सीट जरूर मागा. आणि त्या पंख्याच्या विमानाला 'खटारा' म्हणू नका. आमच्याकडे अशा गाडीला लालपरी म्हणतात!