झाडू म्हणजे नागरिकशास्त्र नव्हे!



शाळेतील समाजसेवेच्या तासाला आपली मुले नेमके काय शिकतात, हे आपण कधी विचारले आहे काय? अंगण झाडावयाचे, जुने कपडे गोळा करून वाटावयाचे आणि हीच मानवी हक्कांची शिकवण म्हणून मिरवावयाचे, असा प्रकार जेथे चालतो तेथे मुलांची शुद्ध वंचना होते! दानात देणारा वर व घेणारा खाली असतो; हक्कात दोघेही समान असतात. शिवाय झाडू देताना गुरुजींची दृष्टी कोणाच्या मुलाकडे वळते, हेही आपण डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

सेवेने मने मृदू होतात, असे कोणी म्हणतील. मृदू मनांनी महाडचे तळे खुले केले काय? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले. तथापि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह ते पाणी प्राशन करीपर्यंत ठराव दप्तरातच राहिला. पुढे प्रतिपक्ष कोर्टात गेला आणि हायकोर्टाचा अनुकूल निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले. बजावल्यावाचून हक्क हा हक्क होत नाही, हाच त्यातील धडा होय.

हा धडा केवळ पाठांतराने येणार नाही. सातवी-आठवीच्या मुलांस वही देऊन गावात पाठवा. कोणत्या वस्तीत किती नळ आहेत, पाणी किती वेळ येते, स्मशानाचा रस्ता कोणास बंद आहे, हे त्यांनी टिपावे. मग वर्गात संविधानाची कलमे १५ व १७ वाचावीत. अस्पृश्यतेवरून पाणवठ्यावर अटकाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, हे समजून घ्यावे. उणीव आढळल्यास ग्रामपंचायतीकडे अर्ज लिहावा व उत्तराचा पाठपुरावा करावा. खरी समाजसेवा ती हीच!

हे कायद्याबाहेरचे मागणे नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ संविधानातील मूल्यांशी सुसंगत आणि कृतीतून, शोधातून होणारे शिक्षणच सांगते. त्याच कायद्यान्वये सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, व वंचित घटकांच्या पालकांस त्यांत प्रमाणशीर स्थान असते. मग ती जागा रिकामी का सोडता? पुढील सभेस जा, समाजसेवेच्या तासाचा हिशेब मागा आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्या.