फितूर कोणाला म्हणावे?

सूर्याजी पिसाळ हे मराठीत आता विशेषनाम राहिलेले नाही. वाईच्या या देशमुखाचे नाव आपण पक्ष बदलणाऱ्या नगरसेवकालाही सहज लावतो. १६८९ मध्ये रायगड मुघलांच्या हाती गेला, त्याचे कारण म्हणून हे एक नाव आपल्याला पुरते. मग कित्येक महिन्यांचा वेढा, लहानग्या शाहूला घेऊन गडावर बसलेली येसूबाई, तहाची बोलणी, हे सारे ध्यानात घेण्याची गरज उरत नाही.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने हा आळस वाङ्मयीन गुण म्हणून खपवला, असा माझा आरोप आहे. तिच्यात सरदार जन्मतःच निष्ठावंत तरी असतो किंवा फितूर तरी. वर्गातही आपण विद्यार्थ्यांकडून त्याचे 'स्वभावचित्र' मागतो. त्याच्या घरची परिस्थिती विचारत नाही.

म्हसवडचा नागोजी माने पाहा. १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांना शंभू महादेवाच्या डोंगरात गाठून मारणारा, एवढीच त्याची ओळख. संताजीने त्याच्या मेहुण्याला, अमृतराव निंबाळकराला, मारले होते. पत्नी राधाबाईने भावाचा सूड मागितला. झाले, कादंबरीला प्रकरण मिळाले! पण हा नागोजी मुघलांकडून राजारामाकडे आला होता आणि पुन्हा मुघलांकडे गेला होता. या येण्याजाण्याला राधाबाईचा शोक पुरेसा पडत नाही. छत्रपती दूर जिंजीस होते. बादशहाची मुख्य छावणी १६९५ पासून भीमेकाठी ब्रह्मपुरीस, माणदेशापासून काही मजलांवर पडली होती. शिवाजीमहाराजांनी वतनदारांना वेसण घातली होती. खजिना रिता असलेल्या राजारामाला मात्र चाकरीच्या बदल्यात वतने-इनामे देऊ करावी लागली. समोरून औरंगजेब मनसबी देतच होता. देशमुखी म्हणजे नुसता मान नव्हे. महसुलातला हक्क, गढी, तिच्यावर पोसलेले भाऊबंद आणि त्याच वतनावर दावा सांगत टपून बसलेला एखादा दायाद, असा तो संसार होता. आपण एका दरबारी गेलो नाही तर दायाद जाणार, ही धास्ती त्या गढीत रोजची. आंद्रे विंक यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात 'फित्ना' ही त्या काळच्या राजकारणाची चालतीबोलती यंत्रणाच होती, असे मांडले. त्यांचे सगळेच पटते असे नाही (माणसाच्या लाजेला त्यांच्या मांडणीत फारशी जागा नाही), पण निदान त्यांनी शिवीला प्रश्नाचे रूप दिले.

आता स्वतः संताजीकडे वळू. १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची फौज धुळीस मिळवणाऱ्या या सेनापतीचे पुढच्याच वर्षी राजारामाशी बिनसले आणि तो प्रत्यक्ष छत्रपतींच्या फौजेशी लढला. अमृतराव मारला गेला तो याच लढाईत, राजारामाच्या बाजूने. संताजीला आपण फितूर म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. मग नागोजीला कोणत्या न्यायाने म्हणतो?

अशा पेचातले आयुष्य लिहिता येते, याचा दाखला बाहेर आहे. बार्बरा टकमन यांच्या 'अ डिस्टंट मिरर' (१९७८) या ग्रंथाचा नायक आंगराँ द कूसी हा चौदाव्या शतकातला फ्रेंच सरदार. ओलीस म्हणून इंग्लंडला गेला, १३६५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा जावई झाला. पुढे दोन्ही राजांत युद्ध पेटले तेव्हा इटलीतल्या लढायांत काळ काढला आणि सासरा वारल्यावर, १३७७ मध्ये, इंग्लंडशी नाते तोडून फ्रान्सचा झाला. टकमन त्याला तासत नाहीत. जमीन, सोयरीक, शपथ यांच्या ओढाताणीतून त्याचा काळ दाखवतात. आपल्याकडे असा सरदार सापडला असता तर तिसऱ्या प्रकरणापर्यंत त्याच्या डोळ्यांत कपटी चमक आली असती.

यावर आक्षेप येईल की हे गद्दारीचे समर्थन झाले. मुळीच नाही. या घराण्यांच्या हिशेबात रयत दोन्ही बाजूंनी नागवली गेली, आणि त्याचा जाब कादंबरीने जरूर विचारावा. पण त्या काळाचा मुत्सद्दीही आपल्याहून शहाणा होता. 'आज्ञापत्रा'त वतनदारांची चांगलीच झाडाझडती आहे. तरी त्यांना राज्याचे दायाद मानून स्नेह आणि दंड यांच्यामध्ये ठेवावे, असाच त्याचा सल्ला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात एक वर्ग ओळखला. आपण खलनायक शोधत बसलो.

ज्यांना खलनायकही होता आले नाही, त्यांचे काय? १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर जतचे डफळे मुघलांकडे गेले. १३ एप्रिल १७०० रोजी अजिंक्यताऱ्याचा तट सुरुंगाने फुटला, तेव्हा वर चढलेल्या मोजक्या लोकांत सटवाजी डफळ्यांचा मुलगा बाजी चव्हाण होता. मागून कुमक आली नाही आणि तो तिथेच मारला गेला. त्याच दिवशी दुसऱ्या सुरुंगाने उडालेला तट वेढा घालणाऱ्यांवरच कोसळून सुमारे २,००० माणसे गाडली गेली. साताऱ्याच्या तटावर बादशहासाठी मेलेल्या या मराठी पोराची बातमी जतच्या वाड्यात कशी पोचली असेल आणि बापाने ती कोणत्या तोंडाने ऐकली असेल, हे लिहिणारी कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही.