शेवटचा थेंब

एप्रिल लागला की मंडईत लिंबाचा भाव विचारताना आवाज आपोआप खाली येतो. 2022च्या एप्रिलात एकेका लिंबाला 10-15 रुपये मोजले होते, ते अजून विसरलेलो नाही. उन्हाळ्यातलं लिंबू म्हणजे हस्त बहराचं. हा बहर धरायचा तर पावसाळा संपता संपता झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. त्यामुळे अख्ख्या महाराष्ट्राला सरबत हवं असतं त्या दिवसांत झाडावर फळ कमी. मग माझ्यासारखा माणूस आणलेलं लिंबू पार चोथा होईस्तोवर पिळतो.

गेल्या रविवारी दुपारी पाहुणे यायचे होते. नेहमीचं साखर-वेलदोड्याचं सरबत नको, उत्तरेकडची मसाला शिकंजी करू, असं ठरवून मी ओट्याचा ताबा घेतला. आत्या मुक्कामाला आलेली. दारात उभी राहून थोडा वेळ बघत होती. मग म्हणाली, "अरे, लिंबू पिळतोयस की धुणं?"

मी हसलो आणि पिळत राहिलो. तासाभराने पाहुण्यांनी पहिला घोट घेतला आणि "छान थंड आहे" म्हणाले. चवीबद्दल कोणी काही बोलेना, तेव्हाच समजलो. सरबत कडू झालं होतं. करताना चाखलं तेव्हा तर ठीक होतं!

खोड तिथेच आहे. लिंबू जोर लावून पिळलं की सालीतलं तेल उतरतं, आतला पांढरा पापुद्रा आणि चिरडलेल्या बिया आपला कडूपणा रसात सोडतात. तो लगेच जाणवत नाही, रस ठेवला की हळूहळू वर येतो. म्हणजे चाखणारा सुटतो, पाहुणा सापडतो.

संध्याकाळी आत्याने मला पुन्हा कामाला लावलं. मसाला आधी. चार चमचे जिरं कोरड्या तव्यावर मंद आचेवर, एक छटा गडद होऊन घरभर वास सुटेपर्यंतच. पुढे गेलं की तेही कडू. गार झाल्यावर सात-आठ मिरे घालून खलबत्त्यात जाडंभरडं कुटायचं. त्यात दोन चमचे पादेलोण, एक चमचा सैंधव, चिमूटभर सुंठ. पादेलोणाचं नाव ऐकून लहानपणी आम्ही खिदळायचो. गंधकाचा तो वास बरणी उघडल्यावर नाक मुरडायला लावतो. लिंबाच्या आंबटाशी गाठ पडली की त्याच्यावाचून अडतं.

साखर माठाच्या पाण्यात ढवळत बसायचं नाही, हात दुखतो आणि तळाशी खडे उरतात ते उरतातच. वाटीभर साखर अर्धी वाटी पाण्यात नुसती विरघळेपर्यंत गरम करायची, तार बघायची नाही. पाक गार झाला की बाटलीत भरून फ्रीजमध्ये. पुदिना वाटायचा नाही, तळहातावर एकदा चुरगळायचा.

मग लिंबू. आत्याने ते ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवलं, आडवं चिरलं, सुरीच्या टोकाने बिया काढल्या आणि फोड दोनदा दाबून बाजूला ठेवली. फोडीत रस दिसत होता. माझा जीव खालीवर.

"अगं, अजून निघेल."

"निघेल की. निघतंय म्हणून काढायचं का?"

एका लिंबात दोन ग्लास. रसात दोन चमचे पाक, पाव चमचा मसाला, पुदिना आणि वाळ्याची जुडी टाकलेल्या माठातलं पाणी. सोडा हवा असेल तर मसाला आधी रसात कालवायचा आणि सोडा ग्लासच्या कडेने सोडायचा. मी उलटं केलं, भरल्या सोड्यावर मसाला भुरभुरला. दाण्यादाण्याला बुडबुडे धरून फेस असा उसळला की निम्मं सरबत ओटाच प्यायला. उरलेलं निम्मं मात्र अप्रतिम होतं. आधी पादेलोण नाकात, मग आंबट जिभेच्या कडांना, आणि गिळल्यावर मागून मिऱ्याचा हलका चटका. कडूपणा औषधालाही नाही.

मी ग्लास ठेवून वळलो तर आत्या त्या अर्धवट पिळलेल्या फोडींवर मीठ घालून देवाचा तांब्या घासत होती. काळवंडलेलं तांबं फोड फिरेल तिथे गुलाबी होत होतं.

"रस ठेवला नसता तर घासलं कशाने असतं?" ती म्हणाली. तांब्या इतका लखलखला की मी उरलेलं सरबत त्यातच ओतायला निघालो.

"थांब," आत्या म्हणाली, "आंबट आहे ते. कळकेल."