हातोड्याआधी कागद

जुलैमधल्या दोन तारखा आपल्या धंद्याने विसरू नयेत. १८ जुलै २००७ ला बोरिवली पश्चिमेची लक्ष्मी छाया ही सात मजली इमारत कोसळली. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई पडली आणि १७ माणसं गेली. दोन्हीकडे संशयाचं बोट तळमजल्याकडे वळलं. बोरिवलीत तिथे सराफाचं दुकान होतं, घाटकोपरला नर्सिंग होमची जागा होती, आणि फेरफाराचं काम दोन्हीकडे चाललं होतं. जागामालकाने काय केलं याची चर्चा भरपूर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण मालक स्वतः ब्रेकर चालवत नाही. कोणीतरी जागा पाहून रेट दिला, ॲडव्हान्स घेतला आणि माणसं लावली. ते कोणीतरी आपल्या धंद्यातलं होतं.

काँट्रॅक्टर नेमताना काय पाहावं, याच्या याद्या घरमालकांसाठी जागोजागी छापून येतात. तीन कोटेशन घ्या, आधीची कामं बघा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या. सल्ला चुकीचा नाही. पण त्यात एक गृहीत धरलेलं आहे की प्रश्न घरमालक विचारील आणि आपण उत्तर देऊ. प्रत्यक्षात अंधेरीच्या वन बीएचकेत राहणाऱ्या माणसाला हॉल आणि किचनमधली भिंत नुसती आडोशाची आहे की वरचा भार घेते, हे कुठून कळणार? तो मोबाइलवर ओपन किचनचा फोटो दाखवतो आणि ‘हे असं होईल ना?’ एवढंच विचारतो. त्यामुळे खरी जबाबदारी त्याने न विचारलेल्या प्रश्नांची आहे, आणि तिचं उत्तर कोटेशनमध्येच द्यावं लागतं.

हे आपल्यावर येतं, कारण दुसरं कोणी ते करत नाही. प्लंबरला महापालिकेचं लायसन्स लागतं, वायरिंगच्या ठेकेदाराला राज्य सरकारचं. बिल्डर आणि एजंट महारेराकडे नोंदलेले असतात. पण अख्खं घर उकलून पुन्हा उभं करणाऱ्या रिनोव्हेशन काँट्रॅक्टरला मुंबईत कसली परीक्षा नाही, कसली नोंदणी नाही. जीएसटी नंबर म्हणजे लायकीचा दाखला नव्हे. घरमालकाने विश्वास ठेवावा असं आपल्या हातात एकच आहे: आपण काय लिहून देतो.

परवानगीपासून सुरुवात करू. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये किरकोळ दुरुस्तीला, आपण टेनंटेबल रिपेअर म्हणतो तिला, सूट आहे. प्लॅस्टर, रंग, लाद्या बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, पाइप आणि नळ, वायरिंग. या सुटीचा आपण इतका सैल अर्थ लावतो की त्यात बीमही मावतो. खांब, तुळई, स्लॅब किंवा भार घेणारी भिंत यांना हात लावायचा म्हटला की सूट संपली. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि महापालिका या वाटेने जावं लागतं. सोसायटीच्या एनओसीवर सेक्रेटरीची सही आहे म्हणून बीम कापता येत नाही. सेक्रेटरीला तो अधिकारच नाही.

मुलुंड, घाटकोपर, विलेपार्ले भागांत आरसीसी फ्रेम नसलेल्या, भिंतींवर उभ्या असलेल्या जुन्या दोन-तीन मजली इमारती अजून आहेत. तिथे आतली भिंतही वरच्या घराला उचलून धरत असू शकते. फ्रेम असलेल्या इमारतीतही निश्चिंत होऊ नये. आपली बरीच उपनगरं सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभी राहिली. खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, गंजताना फुगतात आणि काँक्रीटला आतून तडे देतात. प्लॅस्टर काढल्यावर गंजलेली सळी दिसली तर काम थांबवून फोटो काढायचा आणि इंजिनिअरला बोलवायचं. नवं प्लॅस्टर चोपडून ती झाकायची नाही. इमारत ३० वर्षांची झाली की कलम ३५३-ब प्रमाणे सोसायटीकडे स्ट्रक्चरल स्थैर्याचं प्रमाणपत्र असायला हवं. कोटेशन देण्याआधी ते मागून घ्या. मिळालं नाही, तर तेही कोटेशनमध्ये नोंदवा.

आता वजन. याचा हिशेब आपल्यापैकी फार थोडे करतात. जुन्या लाद्या तोडल्या तर धूळ, आवाज, खालच्या मजल्याची तक्रार आणि राबिट उचलण्याचा खर्च, म्हणून जुन्यावरच नव्या बसवायच्या, ही सूचना बहुतेक वेळा आपलीच असते. माल आणि लादी मिळून दोन इंच म्हणजे साधारण ५० मिलिमीटर जाडी झाली तर दर चौरस मीटरवर सुमारे १०० किलोचा भार पडतो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५) राहत्या खोलीसाठी माणसं आणि सामान यांचा जो भार धरतात, तो चौरस मीटरला सुमारे २०० किलो. म्हणजे त्याच्या निम्मं वजन आपण कायमचं आणून ठेवलं. ५०० चौरस फुटांच्या घरात हे साडेचार टनांच्या वर जातं. एका घराने इमारत बसत नाही. पण सोसायटीत वीस घरं आहेत आणि प्रत्येकाचा काँट्रॅक्टर वेगळा आहे. पातळ अॅडहेसिव्हने हे वजन बरंच कमी ठेवता येतं. तो खर्च आणि तोडून बसवण्याचा खर्च, दोन्ही रेट समोरासमोर मांडा. मालकाने काय निवडायचं ते मग त्याचं त्याला ठरवू द्या.

बाथरूमबद्दल थोडक्यात. आपलं गिऱ्हाईक एक, पण गळती झाली की दाद मागणारा दुसराच, खालच्या मजल्यावरचा. लाद्या लावण्याआधी नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवा, निदान दोन दिवस, आणि खालच्या घरातल्या माणसाला बोलावून त्याचं छत त्यालाच बघू द्या. वास्तूसाठी किचन आग्नेयेला आणि संडास भलतीकडे न्यायचा असेल तर खाली कोणाचं देवघर किंवा ओटा येतो ते आधी पाहा. आग्नेयेची दिशा साधते आणि सोसायटीतलं बोलणं बंद होतं, असे फ्लॅट कमी नाहीत.

नव्या टॉवरांत वेगळाच घोळ होतो. रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. कांदिवलीत किल्ली मिळाली की दुसऱ्या आठवड्यात बाथरूम फोडायला घेतात. पुढे ओल आली की बिल्डर म्हणतो तुम्ही फोडलंत, आणि आपण म्हणतो मूळचंच खराब होतं. हातोडा पडण्याआधीच्या अवस्थेचे तारीखवार फोटो दोघांच्या सहीने ठेवले तर हा वाद निम्मा तिथेच मिटतो. आणि पाच वर्षांच्या हक्काला धक्का लागू शकतो, हे घरमालकाला आपणच सांगायला हवं. त्याने एखादं काम रद्द केलं तरी.

पैशाच्या बाबतीत आपली सवय वाईट आहे. एका साइटचा ॲडव्हान्स दुसऱ्या साइटच्या सुताराला जातो आणि गणपतीच्या तोंडावर तिन्ही साइट अडकतात. ‘लेबर गावाला गेलंय’ हे अनेकदा खरं असतं. पण होळी आणि छठ कधी आहे हे कॅलेंडरमध्ये आधीपासून छापलेलं असतं. तारीख देताना ते धरायला काय हरकत आहे? प्लाय मरीन की कमर्शियल, एसीच्या लाइनला वायर किती चौरस मिलिमीटरची, वॉटरप्रूफिंग कोणत्या पद्धतीचं, हे लिहिलेलं नसलं की शेवटच्या बिलात ‘एक्स्ट्रा’ वाढत जातात. कोटेशनमध्ये काय धरलेलं नाही, याचा रकाना वेगळा हवा. आमच्या मते एकूण रकमेतले पाच टक्के घरमालकाने एक पावसाळा जाईपर्यंत हाती ठेवावेत, आणि ही अट आपणच पुढे करावी. यावर सभासदांच्या शिव्या येतील, त्याची तयारी आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. अशा तक्रारीत सापडलेल्या काँट्रॅक्टरकडे बहुधा व्हॉट्सॲपवरचे चार मेसेज असतात, आणि घरमालकाकडे गळक्या छताचे चाळीस फोटो.

या अंकात पान १४ वर चार पानी कराराचा नमुना छापला आहे. वर आलेले बहुतेक मुद्दे त्यात आहेत. शिवाय एक कलम काम नाकारण्याचं आहे: इंजिनिअरचा लेखी अहवाल आल्याशिवाय कोणत्याही खांबाला, तुळईला किंवा स्लॅबला हात लावला जाणार नाही, आणि तेवढ्यासाठी मालकाने करार मोडला तर झालेल्या कामाचे पैसे काँट्रॅक्टरला मिळतील. वकिलांचा आग्रह होता की हे कलम शेवटी घालावं. आम्ही ते पहिलं ठेवलं आहे. नमुना वापरून पाहा आणि काय अडलं ते पितृपक्षात कळवा. तेव्हा नवीन कामं कोणी सुरू करत नाही, वेळ असतो. दिवाळी अंकात सुधारित मसुदा देऊ.