वाचून दाखवा, साहेब!

हल्ली ज्याला त्याला 'कम्युनिकेशन'चं वेड लागलं आहे. पूर्वी माणसं नुसती बोलायची आणि समोरच्याला कळायचं. नाही कळलं तर समोरचा "आँ?" म्हणायचा आणि पहिला पुन्हा सांगायचा. या 'आँ'ला आता दोन दिवसांचं ट्रेनिंग लागतं, जेवणासकट. आमच्या बँकेनेही (नाव विचारू नका, पगार तिथूनच होतो) ते आम्हाला दिलं. विषय होता, 'भिन्न संस्कृतींच्या लोकांनी मीटिंगमध्ये एकदिलाने काम कसं करावं.'

शिकवायला आलेल्या गृहस्थांचा टाय उत्तम होता. जपानी माणसापुढे किती वाकावं, जर्मन माणसाच्या मीटिंगला किती मिनिटं आधी हजर राहावं, अमेरिकन माणसाने पहिल्याच भेटीत एकेरी नावाने हाक मारली तर राग का मानू नये, हे सगळं त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून समजावलं. आम्ही सुप्याची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. जेवणाच्या सुट्टीत उलगडा झाला. गृहस्थ पारनेरचं सुपे समजून तयारी करून आले होते! ते सुपे अहिल्यानगर जिल्ह्यात, आणि तिथल्या एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी खास जागा राखलेली आहे. आमचं सुपे बारामती तालुक्यातलं, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. आमच्याकडे माणसं वाकतात ती कांदा काढायला.

पण माझं भांडण गाव चुकल्याबद्दल नाही. माझं भांडण त्या विद्येशीच आहे. तिचं म्हणणं असं, की मीटिंगमध्ये माणसांना एकमेकांचं कळत नाही, याला कारण त्यांची संस्कृती. गाववाला गप्प बसतो, ही संस्कृती. तोंडावर 'नाही' म्हणत नाही, ही संस्कृती. आता मी पडलो बी.कॉम. संस्कृतीतलं मला फारसं कळत नाही, पण जमाखर्च कळतो. आणि जमाखर्च असं सांगतो, की मीटिंगचा कागद ज्याच्या भाषेत लिहिला जातो त्याची बाजू जमा, आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याच्या नावे. संस्कृती बिचारी किरकोळ खर्चात!

आमच्याकडचंच बघा. बहुतेक सरकारी बँकांची अधिकारी-भरती २०११ पासून देशभर एकाच सामायिक परीक्षेतून होते. त्यामुळे आमच्या शाखांत कधी पाटण्याचे साहेब येतात, कधी विजयवाड्याचे, कधी कोइमतूरचे. पोरं हुशार, कष्टाळू. आईच्या हातच्या जेवणापासून हजार मैल लांब येऊन बाजरीची भाकरी गोड मानून खातात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कर्जदारांच्या मेळाव्याबद्दल. साहेब बोलतात हिंदीत, क्लार्क सांगतो मराठीत, आणि मिनिट्स लिहिली जातात इंग्रजीत. म्हणजे शेतकऱ्याचं वाक्य तीन टोलनाके ओलांडून कागदावर पोचतं, आणि प्रत्येक नाक्यावर त्यातलं थोडं कापून घेतात.

"पुढच्या महिन्यात हप्ता भरणार का?" असं विचारलं की आमचा माणूस म्हणतो, "बघू की." आता आमच्या जिरायती पट्ट्यात 'बघू' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. 'बघू' म्हणजे आधी पाऊस बघू, मग कांद्याचा भाव बघू, मग तुमचं बघू. 'हो हो' म्हणजे ऐकू आलं. पटलं असं नव्हे. 'करतो की' म्हणजे आता विषय बदला. आणि 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणजे एसटीची वेळ झाली. पण मिनिट्समध्ये उतरतं ते असं : 'कर्जदाराने पुढील महिन्यात हप्ता भरण्याचे मान्य केले.' खाली त्याची सही. तीन महिन्यांनी त्याला पत्र जातं, 'आपण मान्य केल्याप्रमाणे...' तो पत्र घेऊन माझ्या काउंटरवर येतो आणि विचारतो, "भाऊसाहेब, मी हे कवा म्हणलो?"

टायवाले गृहस्थ म्हणतील, हा संस्कृतीतला फरक! मी म्हणतो, कागद वाचून दाखवला नाही, एवढंच झालं.

आणि हे दुखणं आमच्या गावाला नवं नाही. १२ मे १८७५ रोजी याच सुप्यात आसपासचे शेतकरी जमले. ती मीटिंग मात्र नमुनेदार झाली. विषय एकच, मतभेद नाहीत, आणि टीमवर्क असं की पाहत राहावं! त्यांनी सावकारांकडे मागितल्या त्या वह्या आणि कर्जाची खतं. आणि त्यांची होळी केली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही जळाली. ते चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. वह्या सांभाळण्यावर माझं पोट आहे. पण पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, तेव्हा चौकशी कमिशनलाही दिसलं, की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता. जिथे खतं मुकाट्याने हवाली झाली, तिथे प्रकरण बहुधा तेवढ्यावरच मिटलं.

कारणं पुष्कळ होती. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि कापसाचा भाव उतरला, सारा वाढला, सावकारांनी नवं कर्ज द्यायचं थांबवलं. पण राग साठला तो कागदाभोवती. १८५९ च्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षं ठरली. तीन वर्षं संपली की व्याज मुद्दलात मिळवून नवं खत, आणि त्यावर अंगठा. आत काय लिहिलं आहे ते अंगठ्याच्या धन्याला ठाऊक नाही, आणि पैसे भरले तरी पावतीचा पत्ता नाही. सावकार बहुतेक मारवाडी-गुजराती, कुळं मराठी. म्हणजे आमच्या ट्रेनिंगच्या हिशेबाने हासुद्धा दोन संस्कृतींचा प्रश्न! पण सरकारने सावकाराला नमस्कार कसा करावा याचे वर्ग काढले नाहीत. १८७९ साली डेक्कन शेतकऱ्यांचा कायदा केला. खत व्हायचं ते गावच्या रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली लिहून, त्याच्या समोर. शेतकऱ्याला पावतीचा हक्क, हिशेबाच्या उताऱ्याचा हक्क आणि पासबुकात नोंद करून मागण्याचा हक्क. वाचकहो, पासबुकाचा हक्क! ज्या पासबुकावर एन्ट्री मारून मारून माझे केस पिकले, त्याच्या कुळकथेत आमच्या सुप्याच्या होळीची राख आहे.

कुणी म्हणेल, "अहो, एवढ्या भाषांचे लोक एका टेबलाशी, प्रत्येकासाठी कुठे थांबायचं?" त्यांनी एकदा बचत गटाची बैठक बघावी. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे, ही गटाची पंचसूत्री. बायका गोल बसतात, त्यामुळे खुर्चीचा मान कुणाला हा प्रश्न नाही. पैसे सगळ्यांच्या देखत मोजतात. मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचतात, आणि एखादी म्हातारी मध्येच "थांब गं, असं नव्हतं ठरलं," म्हणते. तिला वाचता येत नसेल, पण ठरलेलं पक्कं आठवत असतं. ती दुरुस्ती तिथल्या तिथे होते. टाय कुणाच्याच गळ्यात नसतो.

रिझर्व्ह बँकेने शाखेतल्या पाट्या इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लावायला सांगितल्या आहेत. त्या लागतातही. पण पाटीखाली कुणी सही करत नाही. सही होते ती कागदाखाली. म्हणून माझी मागणी साधी आहे. मीटिंग हिंदीत घ्या, तेलुगूत घ्या, वाटल्यास जपानीत वाकून घ्या, पण सही घेण्याआधी लिहिलेलं सगळं त्या माणसाच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्याला "आँ?" म्हणायला वेळ द्या. याला दहा मिनिटं लागतात आणि खर्च एका चहाचा.

ही सूचना मी वर पाठवली आहे. वरून उत्तर आलं आहे, "बघू." साहेब आमच्याच जिल्ह्यातले असल्यामुळे मी त्याचा अर्थ मिनिट्समध्ये लिहिलेला नाही.